दीवच्या टेकडीवरून

दीवच्या खुकरी स्मारकापाशी पहिल्यांदा गेलो, तेव्हा बराच वेळ मी चुकीच्या दिशेला तोंड करून उभा होतो. टेकडीवर काचेच्या पेटीत एका जहाजाची प्रतिकृती ठेवलेली आहे. येणारा प्रत्येक जण आधी त्या पेटीकडे जातो, काचेला नाक लावून तोफा, डोलकाठी, बारीक कठडे न्याहाळतो, फोटो काढतो. मीही तेच करत होतो. दुपार कलली, ऊन तिरपं झालं आणि काचेत माझ्या पाठीमागचा समुद्र दिसायला लागला. पेटीतलं जहाज होतं तसंच होतं, पण त्याच्या अंगावरून पाणी चाललं होतं. तेव्हा मी वळलो.

समोर अरबी समुद्र होता आणि त्यात पाहण्यासारखं काहीही नव्हतं. टेकडी बुटकी आहे. अशा उंचीवरून माणसाची नजर जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत पोचते. ज्या जागेसाठी हे स्मारक बांधलं, ती इथून सुमारे ४० सागरी मैलांवर, म्हणजे सत्तर किलोमीटरच्याही पलीकडे आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पावणेनऊच्या सुमारास ‘आयएनएस खुकरी’ला तिथे पाकिस्तानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक जहाजाबरोबर गेले. ती जागा टेकडीवरून दिसत नाही, बोटीने गेलं तरी तिथे पाण्याखेरीज काही सापडायचं नाही. हे पुस्तक लिहायचं ठरवलं ते त्या संध्याकाळी. दीवला जाणाऱ्याला काय बघायचं हे कुणीही सांगेल. जे दिसत नाही ते कसं बघायचं, हे सांगणारं काहीतरी मराठीत असावं असं मला वाटलं.

मी नौदलातला नाही. माझं आजोळ रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं. समुद्रावर गेलेला माणूस परत आला नाही तर काय करतात, हे मी लहानपणी पाहिलं आहे. देह मिळाला नाही तर पालाशविधी करतात. पळसाच्या पानांचा किंवा दर्भाचा पुतळा करायचा, त्यालाच देह मानायचं आणि त्याचं दहन करायचं. त्याशिवाय सुतक धरता येत नाही आणि सोडताही येत नाही. घरातल्या बायका तोवर अडकलेल्या असतात, कारण दाराशी पाऊल वाजलं की अजून मान वळत असते. दीवची काचेतली प्रतिकृती पाहताना मला तो दर्भाचा पुतळा आठवला. १९४ घरांना मिळू न शकलेल्या देहांच्या जागी ते जहाज ठेवलेलं आहे.

जमिनीवरच्या लढाईला जागा असते. सिंहगडावर तानाजीची समाधी आहे, विशाळगडावर बाजीप्रभूंची. दगडाला हात लावता येतो, फूल वाहता येतं, इथे पडला असं बोट दाखवून सांगता येतं. समुद्रावरच्या लढाईत हे काही उरत नाही. सरखेल कान्होजी आंग्रे जमिनीवर वारले म्हणून अलिबागला त्यांची समाधी झाली. त्यांच्या गलबतांवरून लढताना पाण्यात गेलेल्या खलाशांची कुठे आहे? मुंबईत मशीद बंदरजवळ खलाशांच्या वसतिगृहाच्या आवारात पहिल्या महायुद्धाचं एक स्मारक आहे. समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांच्या स्मरणार्थ ते उभारलं. त्या रस्त्याने रोज हजारो माणसं जातात. कोकणातून बोटीवर गेलेल्यांची नातवंडं-पणतवंडंही त्यांत असतील, पण त्या स्मारकाविषयी त्यांच्यापैकी कुणाकडून मी कधी ऐकलेलं नाही.

तरी समुद्रात गेलेल्यांची आठवण दगडात जपण्याची कला महाराष्ट्राला अजिबात ठाऊक नव्हती असं नाही. बोरिवलीच्या पश्चिमेला एकसर नावाचं जुनं गावठाण आहे. तिथे सहा वीरगळ आहेत. काहींवर जमिनीवरची लढाई आहे, पण काहींवर चक्क आरमारी युद्ध कोरलेलं आहे: खाली वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबतं, त्यांवर दाटीवाटीने उभे सैनिक, पाण्यात पडलेली माणसं. कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात १२६५ च्या आसपास झालेल्या लढाईचे हे दगड असावेत असं अभ्यासक मानतात. सोमेश्वराला समुद्रातच मरण आलं, असं यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीने लिहून ठेवलं आहे. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाशी युद्ध, त्यावर वीराला उचलून नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तो वीर. म्हणजे पाणी तळाशी आणि माणूस हळूहळू वर. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या त्या पाथरवटाने आपल्या परीने बुडालेल्या माणसाला पाण्यातून वर काढलं. दीवला जाण्याआधी जमल्यास एकसरला जाऊन यावं, असं मी आग्रहाने सांगेन.

आता त्या रात्रीकडे येतो. पुढच्या प्रकरणांत ती तपशिलाने आली आहे. इथे ठळक तेवढं सांगतो, कारण ते ठाऊक नसताना टेकडीवर उभं राहणं म्हणजे नुसती हवा खाणं.

खुकरी, कृपाण, कुठार. नावं पाहा, तिन्ही पात्यांची. इंग्लंडमध्ये बांधलेल्या, पाणबुड्या शोधून मारण्यासाठी घडवलेल्या तीन लहान फ्रिगेट. खुकरी १९५८ मध्ये भारतीय नौदलात आली. १९७१ मध्ये या तिघींच्या १४व्या फ्रिगेट स्क्वाड्रनचे प्रमुख आणि खुकरीचे कप्तान होते महेंद्रनाथ मुल्ला, जन्म गोरखपूरचा, वय ४५. ३ डिसेंबरला युद्ध पेटलं. ४ तारखेच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला. त्याच रात्रीची आठवण म्हणून आपण ४ डिसेंबरला नौदल दिन पाळतो. ८ तारखेच्या रात्री पुन्हा हल्ला झाला आणि केमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. मुंबईत तेव्हा काळोख होता. मी गिरगावात सहावीत होतो. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवले होते, आणि कराचीची बातमी आली तेव्हा चाळीच्या गॅलरीत अंधारातच टाळ्या वाजल्या. बंदराबाहेरच्या समुद्रात काय आहे, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

समुद्रात ‘हंगोर’ होती. फ्रान्समध्ये बांधलेली दाफ्ने जातीची पाणबुडी, त्या काळी अगदी नवी, कप्तान कमांडर अहमद तस्नीम. पाकिस्तानी वृत्तांतांनुसार युद्ध सुरू व्हायच्या बेतात असताना ती मुंबईबाहेरच होती आणि आपला पश्चिमी ताफा तिच्या डोक्यावरून बाहेर पडला. युद्ध जाहीर झालेलं नव्हतं, म्हणून तिने काही केलं नाही. पुढे ती सौराष्ट्राच्या किनाऱ्याकडे सरकली. तिच्या रेडिओ संदेशांवरून भारतीय नौदलाला तिचा सुगावा लागला आणि तिला शोधायला खुकरी व कृपाण मुंबईहून निघाल्या.

या शोधात कोण कुणाला आधी ऐकतो यावर सगळं अवलंबून असतं. पाण्याखाली डोळ्यांचा उपयोग नाही, कान हवेत. त्या कानांना सोनार म्हणतात. जहाजाने आवाज सोडायचा, पाणबुडीवर आपटून परत येणारा प्रतिध्वनी टिपायचा. पण समुद्राचं पाणी एकसारखं नसतं. वरचा थर उबदार, खालचा गार, आणि या थरांच्या सीमेवर आवाज वाकतो. जहाजाचा आवाज वरच अडतो आणि खाली बसलेली पाणबुडी लपून राहते. त्यातून हंगोरचे कान खुकरीच्या कानांहून कितीतरी लांबचं ऐकणारे होते. खुकरीवर लेफ्टनंट व्ही. के. जैन हे तरुण अधिकारी सोनारची पोच वाढवण्यासाठी स्वतः तयार केलेल्या एका यंत्राची चाचणी घेत होते. त्यासाठी जहाज हळू चालवावं लागत होतं. खुकरीचा वेग सुमारे १२ नॉट होता. पाणबुडीच्या टापूत हळू, सरळ चालणारं जहाज म्हणजे सोपं सावज.

हंगोरने पहिला टॉर्पेडो कृपाणवर सोडला. तो तिच्या खालून निघून गेला, फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला. देशभर तेव्हा आकाशवाणीच्या पावणेनऊच्या बातम्या चालू असतील. तिसरा पुन्हा कृपाणवर गेला. पाकिस्तानी बाजू म्हणते की त्याने ती जायबंदी झाली, भारतीय नोंदी म्हणतात की तो लागलाच नाही. कृपाणला तिथे थांबता येईना. खुकरीवरचे दिवे गेले, जहाज एका अंगाला कललं आणि काही मिनिटांत पाण्याखाली गेलं. जे पाण्यात उड्या मारू शकले ते रात्रभर तराफ्यांवर राहिले. दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’ आली आणि तिने ६ अधिकारी व ६१ नौसैनिकांना वर घेतलं. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धात बुडवलेली ही पहिली युद्धनौका. स्वतंत्र भारताने लढाईत गमावलेली युद्धनौकाही ही एकच.

कॅप्टन मुल्ला यांच्याविषयी वाचलेल्यांनी जे सांगितलं ते देशाला माहीत आहे. त्यांनी माणसांना जहाजाबाहेर ढकललं, आपलं लाइफजॅकेट एका खलाशाला दिलं आणि स्वतः ब्रिजवरच्या कप्तानाच्या खुर्चीत बसून राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आलं. मला या प्रसंगात सर्वांत जास्त ती खुर्ची दिसते. लढाऊ जहाजाच्या ब्रिजवर ती एकट्या कप्तानाची असते. त्याच्या आधी कुणी तिच्यात बसत नाही. मुल्ला शेवटी आपल्या नेहमीच्या कामाच्या जागी बसले, आणि त्यांना तिथे बसलेलं ज्यांनी पाहिलं ते पाण्यात होते.

या घटनेवर आजही वाद आहे आणि तो लपवून मला हे पुस्तक लिहायचं नव्हतं. आधुनिक पाणबुडीच्या शोधाला जुनाट सोनारची दोन जहाजं पाठवायला हवी होती का? चाचणीसाठी वेग कमी करणं योग्य होतं का? त्या दिवसांत पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टरं पुरेशी का नव्हती? व्हाइस अॅडमिरल हिरानंदानी यांनी लिहिलेल्या नौदलाच्या इतिहासात यांतल्या बऱ्याच प्रश्नांची मोकळेपणाने चर्चा आहे. मेजर जनरल इयन कार्डोझो यांनी वाचलेल्यांच्या आठवणी गोळा करून स्वतंत्र पुस्तकच केलं आहे. मी दोन्ही वाचली. माझं मत असं झालं की मुल्लांचं शौर्य आणि त्या मोहिमेतली कमतरता या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. उलट हाताशी तोकडं साधन असूनही तो माणूस ज्या कामाला निघाला, ते काम जाणून घ्यायचं तर साधन किती तोकडं होतं हेही जाणून घ्यावं लागतं. स्मारकापाशी प्रश्न विचारू नयेत असं मानणारे लोक मला भेटले आहेत. १९४ माणसं का गेली हे विचारणं त्यांच्याविषयीच्या आदराचाच भाग आहे, असं मी मानतो.

हंगोरचा शोध पुढे चार दिवस चालला. जहाजं, विमानं, हेलिकॉप्टरं समुद्र विंचरत होती. याच दिवसांत, १० डिसेंबरला, नौदलाचं एक अलिझे विमान पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडलं. त्यातले तिघेही गेले, त्यांचीही समाधी तोच समुद्र. गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात अलिझे जातीचं विमान ठेवलेलं आहे. महाराष्ट्र-गोव्यातून दीवला जाणाऱ्याने ते पाहून ठेवलं तर या गोष्टीतला आणखी एक तुकडा जागेवर बसतो. गोव्यात वास्कोजवळ ‘आयएनएस गोमंतक’मध्येही एक स्मारक आहे. १९६१ च्या मुक्तिसंग्रामात अंजदीव बेटावर उतरताना पडलेल्या ७ नौसैनिकांची आठवण त्यात आहे. दीवचा आणि गोव्याचा धागा जुना. १९८७ पर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. त्याच्याही आधी, १५०९ मध्ये, दीवसमोरच्या पाण्यात पोर्तुगीजांनी गुजरात आणि इजिप्तच्या आरमाराला हरवलं आणि या समुद्राचा इतिहास साडेचारशे वर्षांसाठी बदलला. दीवच्या किल्ल्याच्या तटावर उभं राहिलं की हे सगळं एका नजरेच्या टप्प्यात येतं. पण तो वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे.

आता दीवच्या जहाज-संग्रहालयाविषयी. दीवला खुकरी नावाची दोन जहाजं भेटतात, आणि पुष्कळ पाहुण्यांचा इथे गोंधळ होतो. बुडालेली खुकरी पाण्याखाली आहे. दुसरी खुकरी आपल्या मुंबईची, माझगाव डॉकमध्ये बांधलेली क्षेपणास्त्रवाहू कॉर्व्हेट. नौदलात नाव वारसाहक्काने पुढे जातं. १९७१ च्या खुकरीचं नाव २३ ऑगस्ट १९८९ ला या नव्या नौकेला मिळालं. तिच्या पाठच्या बहिणींची नावंही कुठार, कृपाण आणि खंजर. ३२ वर्षं तिने नोकरी केली, २८ कप्तान पाहिले, ६ लाख ४४ हजारांहून अधिक सागरी मैल कापले. २३ डिसेंबर २०२१ ला विशाखापट्टणमला तिचा ध्वज उतरवला आणि २६ जानेवारी २०२२ ला ती संग्रहालय व्हावी म्हणून दीवच्या प्रशासनाच्या हवाली झाली. तिची बहीण कृपाण २०२३ मध्ये व्हिएतनामला भेट दिली गेली. म्हणजे एक खुकरी समुद्रात राहिली आणि दुसरी, तिचंच नाव घेऊन, आयुष्यभर समुद्र पालथा घालून, तिच्या शेजारी येऊन थांबली.

माझा सल्ला असा की आधी या जहाजावर जावं आणि मग टेकडीवर. बहुतेक लोक उलटं करतात. टेकडीशेजारी सूर्यास्त छान दिसतो म्हणून तिकडे धावतात, आणि जहाज सकाळी वेळ उरला तर. जहाजावर आधी जायचं कारण असं, की युद्धनौका आतून किती अरुंद असते हे अंगाला कळल्याशिवाय १९४ या आकड्याचा अर्थ लागत नाही. ९० मीटर लांब हे बाहेरून मोठं वाटतं. आत शिरलं की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. शिड्या इतक्या उभ्या की उतरताना पाठ फिरवून, पायाने पायरी चाचपत उतरायचं. दारांना उंच उंबरा असतो, कारण पाणी आलं तर ते एका खोलीतून दुसरीत जाऊ नये. डोक्यावर नळ आणि तारांची जाळी. झोपायला एकावर एक फळ्या. आता कल्पना करा की दिवे गेले आहेत, जमीन तिरकी होते आहे, शिडी आता शिडीच्या जागी नाही, आणि तुमच्यामागे दहा माणसं आहेत. मी एका शिडीपाशी उभा राहून डोळे मिटून वर जायचा प्रयत्न करून पाहिला. तिसऱ्याच पायरीला माझा गुडघा आपटला. इंजिनरूममधली माणसं किती शिड्या खाली असतात हे मग मी मोजलं नाही.

संग्रहालयाचा एक धोका असतो आणि तो मला इथेही जाणवला. यंत्रं फार देखणी असतात. तोफ, क्षेपणास्त्राचे नळ, रडार पाहून पोरं हरखून जातात, आणि हरखावंच. पण परत आलेलं जहाज पाहणं आणि न आलेल्याची आठवण ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संग्रहालय फक्त परत आलेल्यांचंच होऊ शकतं. जे परत आले नाहीत त्यांच्याकडे दाखवायला वस्तू नसते, म्हणून त्यांच्यासाठी दगड आणि काच. दीवला ही दोन्ही एका नावाखाली जवळजवळ आहेत. भारताच्या किनाऱ्यावर अशी जागा मी दुसरी पाहिलेली नाही.

याच हिशेबाने आणखी एक संग्रहालय आहे, जिथे आपल्यापैकी फार थोडे जाऊ शकतील. हंगोर कराचीला परतली, पुढे अनेक वर्षं सेवेत राहिली, आणि २००६ मध्ये निवृत्त झाल्यावर तिथल्या सागरी संग्रहालयात ठेवली गेली. तिथली शाळकरी मुलं तिच्या अंगाला हात लावून जातात. त्यांना तिथे सांगितली जाणारी ९ डिसेंबरची रात्र हीच, फक्त समुद्राच्या पलीकडून. मला याचा राग येत नाही. तस्नीम आणि त्यांची माणसंही त्या काळोख्या पाण्यात जीव मुठीत धरूनच होती. तो हल्ला त्यांनी सोनारच्या कानांवर भरवसा ठेवून, खोलातून केला आणि नंतर चार दिवस ती सर्व बाजूंनी येणाऱ्या स्फोटांखाली लपत गेली. दोन देशांनी एका रात्रीची आठवण दोन किनाऱ्यांवर वाटून घेतली आहे: मारणारी पाणबुडी तिकडे, बुडालेल्या जहाजाची प्रतिकृती इकडे.

आणि उलटही घडलं आहे. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. त्यातलं कुणीही वाचलं नाही. भारत तिचं श्रेय ‘आयएनएस राजपूत’ला देतो, पाकिस्तान म्हणतो तिच्याच सुरुंगांचा अपघात झाला. ती अजून तिथल्या चिखलात आहे. विशाखापट्टणमच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर विजयाचं स्मारक आहे आणि जवळच वाळूवर ‘कुर्सुरा’ ही आपली पाणबुडी संग्रहालय म्हणून २००२ पासून उभी आहे. १९७१ च्या युद्धात ती याच अरबी समुद्रात गस्तीवर होती. दीवच्या गोष्टीत पाणबुडी हे पात्र समजून घ्यायचं तर कुर्सुरात एकदा वाकून शिरायलाच हवं. सात कप्पे, एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला वर्तुळाकार भोक, आणि बाहेर कधीही न दिसणारा समुद्र. तिथे उभं राहिलं की हंगोरमधली माणसंही कळतात, गाझीतलीही.

मुंबईविषयी न लिहिता पुढे जाणं मला जमणार नाही. खुकरी मुंबईहून निघाली होती. तिच्यावरच्या अनेकांची बिऱ्हाडं कुलाब्याला होती. बातमी आली ती याच शहरात. आणि १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरातून चितगाव आणि कॉक्स बाजारवर विमानं सोडणारी ‘विक्रांत’ याच शहरात संग्रहालय म्हणून २००१ पासून काही वर्षं उभी होती. मी माझ्या मुलांना घेऊन तिच्या डेकवर गेलो आहे. ते उड्डाणपट्टीवर धावले, तेव्हा पट्टी संपल्यावर एकदम समुद्र येतो हे त्यांना पहिल्यांदा कळलं. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने ती बंद झाली, २०१४ मध्ये भंगारात विकली गेली आणि तोडली गेली. तिच्या पोलादातून घडवलेलं एक शिल्प २०१६ पासून लायन गेटसमोर उभं आहे. तिच्या धातूचा अंश घेऊन मोटारसायकलीही निघाल्या. शिल्प चांगलं आहे. पण एक शहर जे ठेवू शकत होतं ते त्याने ठेवलं नाही, हे मला अजून सलतं. जहाज सांभाळणं खर्चाचं असतं, खारं पाणी आणि खारा वारा लोखंड खात राहतात, हे मी जाणतो. म्हणूनच दीवसारख्या छोट्या बेटाने एक अख्खी युद्धनौका आपल्या काठावर घेतली, याचं मोल मला जास्त वाटतं. ती तिथे टिकायची असेल तर लोकांनी यावं लागेल, तिकीट काढावं लागेल, मुलांना आणावं लागेल.

जायचं कसं, हे पहिल्या प्रकरणात सविस्तर आहे. वेरावळपर्यंत रेल्वे, तिथून ऊनामार्गे रस्ता. वाटेत होक्याची झाडं लागतात, फाटे फुटलेला ताड. भारतात ती फार कमी ठिकाणी दिसतात. पावसाळ्यात जाऊ नये. डिसेंबरात गेलात तर उत्तम, कारण थंडी असते, समुद्र शांत असतो, आणि ४ तारखेचे बँडबाजे झाल्यावर ९ तारीख येते. ती बहुधा शांतच जाते. त्या दिवशी टेकडीवर उभे राहा. पेटीकडे थोडा वेळ बघा, मग नैर्ऋत्येकडे तोंड करा आणि अंधार होईपर्यंत थांबा. रात्री समुद्र किती काळा असतो हे किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या दिव्यांत कळत नाही. टेकडीवर कळतं.

शेवटच्या पानांत १९४ नावं दिली आहेत. त्या पानांची मुद्रितं तपासायला बसलो तेव्हा डोळे आपसूक ओळखीची आडनावं शोधायला लागले, कोकणातली, घाटावरची. थोड्या वेळाने मी थांबलो आणि पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात केली, या वेळी मोठ्याने, प्रत्येक नाव पूर्ण उच्चारत. बायको स्वयंपाकघरातून आली आणि दाराशी उभी राहून ऐकत राहिली. सगळी नावं संपायला अकरा मिनिटं लागली. खुकरीला बुडायला त्याहून कमी वेळ लागला होता.